हिवाळी झगा

उत्तर इटलीत पादुआ नावाचे एक जुने नगर आहे. तेथे ४ एप्रिल १३७० या दिवशी पासष्ट वर्षांच्या एका कवीने आपले मृत्युपत्र लिहून ठेवले. या कवीचे नाव फ्रान्चेस्को पेत्रार्क. त्या काळी साऱ्या युरोपात त्याच्याएवढा नावाजलेला कवी दुसरा नव्हता. राजेरजवाडे त्याला मानाने आपल्याजवळ बसवीत. रोम नगरीने तर १३४१ साली कॅपिटॉल टेकडीवर मोठा समारंभ करून त्याच्या मस्तकी लॉरेल वृक्षाच्या पानांचा मुकुट घातला होता. अशा माणसाने मागे काय ठेवले आणि ते कोणाला दिले, हे पाहण्याजोगे आहे. पादुआच्या अधिपतीला त्याने जोत्तो या थोर चित्रकाराने रंगविलेले कुमारी मरियेचे एक चित्र दिले. एका मित्राला आपले ल्यूट नावाचे तंतुवाद्य दिले आणि ते ईश्वराच्या स्तुतीसाठी वाजवावे, असे सांगितले. दोघा मित्रांनी त्याचे घोडे चिठ्ठ्या टाकून वाटून घ्यावयाचे होते.

आणि एक कलम असे होते, की चेर्ताल्दो गावच्या जोव्हान्नीला पन्नास सुवर्ण फ्लोरिन द्यावेत. ते कशासाठी? तर त्याने रात्री वाचन-लेखन करीत बसताना अंगावर घ्यावयास हिवाळ्याचा एक झगा शिवावा, म्हणून. एवढ्या मोठ्या माणसाला एवढे थोडे देताना आपल्याला लाज वाटते, असेही कवीने तेथे लिहून ठेवले.

रात्री जागणाऱ्या मित्राला थंडी वाजत असेल, हे मृत्युपत्र लिहिताना ज्याला आठवते, त्याने त्या मित्राचे घर आणि त्याचे दारिद्र्य दोन्ही मनात साठवून ठेवलेली असली पाहिजेत.

हा चेर्ताल्दोचा जोव्हान्नी म्हणजे जोव्हान्नी बोकाच्चो. आज ‘देकामेरोन’ या शंभर कथांच्या ग्रंथाचा कर्ता म्हणून जग त्याला ओळखते आणि इटालियन गद्याचा जनक म्हणून त्याचा गौरव करते. स्वतः बोकाच्चोला मात्र असे कधी वाटले नाही. आपण पेत्रार्कचे शिष्य आहोत, हीच आपली खरी ओळख, असे तो जन्मभर मानीत आला.

बोकाच्चोचा जन्म १३१३ सालचा. म्हणजे तो पेत्रार्कहून नऊ वर्षांनी लहान. त्याचा बाप व्यापारी होता. मुलाने आपल्यामागे पेढी सांभाळावी, म्हणून त्याने त्याला सहा वर्षे हिशेब शिकावयास बसविले. मुलाचे मन त्यात रमेना, तेव्हा त्याला धर्मशास्त्राचा कायदा शिकावयास घातले. त्यातही आणखी सहा वर्षे गेली. मुलाचे चित्त काव्यात गुंतलेले. पुढे बोकाच्चो खेदाने म्हणे, की ही वर्षे वाया गेली नसती, तर आपण कदाचित चांगले कवी झालो असतो.

पेत्रार्कची बालपणची हकीकतही याहून फारशी निराळी नाही. त्याचा बाप कायदेपंडित होता आणि मुलानेही तेच व्हावे, अशी त्याची इच्छा होती. मुलगा कायद्याची पुस्तके बाजूला सारून प्राचीन लॅटिन कवींची पुस्तके वाचतो, हे कळताच एके दिवशी बाप आला आणि मुलाने लपवून ठेवलेली पुस्तके त्याने बाहेर काढून आगीत टाकली. मुलगा स्वतःच होरपळल्यासारखा आक्रोश करू लागला. तेव्हा बापाला दया आली. त्याने आगीत हात घालून अर्धवट जळालेली दोन पुस्तके बाहेर ओढली. एक होते व्हर्जिल कवीचे, दुसरे सिसेरोचे. एक कधीमधी मन रमविण्यासाठी आणि दुसरे कायद्याच्या अभ्यासाला उपयोगी पडेल म्हणून ठेव, असे सांगून त्याने ती मुलाच्या हाती दिली. पेत्रार्क हा प्रसंग म्हातारपणीही विसरला नव्हता. आगीच्या तोंडून पुस्तके ओढून काढण्याची पाळी त्याच्यावरही पुढे एकदा आली. पण ती हकीकत यथाक्रम येईल.

पेत्रार्कला डोळ्यांनी पाहण्यापूर्वीच बोकाच्चोने त्याचे एक छोटे चरित्र लॅटिनमध्ये लिहिले होते. भेटीचा योग मात्र १३५० साली आला. त्या वर्षी रोमला मोठी यात्रा होती आणि पेत्रार्क त्या यात्रेला निघाला होता. वाटेत फ्लॉरेन्स लागत असे. या नगराशी पेत्रार्कचे नाते मोठे विलक्षण होते. ते त्याच्या वाडवडिलांचे नगर; परंतु १३०२ साली तेथील राजकीय भांडणात त्याच्या बापाला हद्दपार करण्यात आले आणि घरदार जप्त झाले. पेत्रार्क जन्मला तो परगावी, आरेत्सो येथे. शेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत या कवीने आपल्या पूर्वजांच्या नगरीत पाऊल टाकले नव्हते.

बोकाच्चोला ही वार्ता कळली तेव्हा तो घरी वाट पाहत बसला नाही. आधी त्याने स्वागतपर लॅटिन कविता पुढे पाठविली आणि मागोमाग स्वतः वाटेवर सामोरा गेला. दिवस थंडीचे होते. संध्याकाळ होऊन उजेड मावळत चालला होता. जी वेस बापाला कायमची बंद झाली होती, तिच्यातून एका परक्या माणसाने हात धरून मुलाला आत नेले. नऊ वर्षांनी लिहिलेल्या एका पत्रात पेत्रार्कने ही संध्याकाळ मोठ्या प्रेमाने आठविली आहे.

पुढच्याच वर्षी फ्लॉरेन्सने पेत्रार्कच्या बापाची जप्त केलेली मिळकत परत देण्याचे ठरविले आणि नव्या विद्यापीठात शिकविण्यास यावे, असे त्याला आमंत्रण दिले. हे पत्र घेऊन पादुआला कोणी जावे? अर्थात बोकाच्चोने. तो तेथे काही दिवस राहिला. दिवसा पेत्रार्क आपल्या अभ्यासात गढलेला असे आणि बोकाच्चो शेजारी बसून त्याचे ग्रंथ उतरवून घेत असे. त्या काळी छापखाने नव्हते. पुस्तक हवे असेल तर ते हातानेच लिहून काढावे लागे. दिवस कलला म्हणजे दोघेही काम थांबवून घरामागच्या बागेत येत. वसंत ऋतू होता, झाडांना नवी पालवी आणि फुले आली होती. तेथे कधी बोलत, कधी नुसते स्वस्थ बसत, रात्र होईपर्यंत त्यांचा वेळ जाई. पेत्रार्कने फ्लॉरेन्सचे आमंत्रण काही स्वीकारले नाही. बोकाच्चो रिकाम्या हातांनी परतला, असे नगराधिकाऱ्यांना वाटले असेल. त्याच्या सामानात मात्र मित्राच्या ग्रंथांच्या प्रती होत्या.

अशी भक्ती पुष्कळदा आंधळी असते. बोकाच्चोची तशी नव्हती, हे लवकरच दिसून आले. १३५३ साली पेत्रार्क मिलानला जाऊन व्हिस्कोंती घराण्याच्या आश्रयाला राहिला. मिलानचा हा सत्ताधीश फ्लॉरेन्सचा वैरी; इतर नगरांचे स्वातंत्र्य गिळून आपले राज्य वाढविणारा. आणि पेत्रार्क तर स्वातंत्र्याचे आणि एकांताचे गोडवे आयुष्यभर गात आलेला! बोकाच्चोला ही बातमी खरीच वाटेना. खरी आहे असे कळताच त्याने एक संतप्त पत्र लिहिले. त्यात त्याने मोठी युक्ती योजली. पेत्रार्क आपल्या काव्यात स्वतःला सिल्व्हानुस नावाचा मेंढपाळ म्हणवीत असे. बोकाच्चोने त्याच नावाने पत्र लिहून सिल्व्हानुसची तक्रार सिल्व्हानुसपाशीच केली. वनातील एकांत सोडून तो दुष्टाच्या दारी गेला, हे ऐकले का, याला काय म्हणावे, असा जाबच त्याने मित्राला मित्राविषयी विचारला. मोठ्या माणसाला त्याची चूक सांगणे अवघड असते. आणि ज्याला गुरू मानले त्याला ती सांगणे त्याहूनही अवघड. पेत्रार्क मिलान सोडून गेला नाही. आठ वर्षे तो तेथे राहिला. बोकाच्चोनेही आपले म्हणणे मागे घेतले नाही. पण मैत्री मात्र टिकली.

किंबहुना पुढे १३५९ च्या वसंतात बोकाच्चो त्याच मिलानला मित्राकडे जाऊन राहिला. पेत्रार्कला बागकामाचा मोठा नाद होता. कोणते रोप कोणत्या दिवशी लावले, हवा कशी होती, याच्या नोंदी तो आपल्या एका पुस्तकाच्या कोऱ्या पानांवर करून ठेवी. त्या नोंदी आजही वाचावयास मिळतात. १६ मार्च १३५९ या दिवशी त्याने लॉरेलची काही रोपे लावली. ज्या झाडाच्या पानांचा मुकुट आपल्याला मिळाला, ते झाड आपल्या दारी वाढावे ही त्याची जुनी हौस. पण रोपे बहुधा मरून जात. या वेळी मात्र रोपांना आपला आणि कवित्वाचा मित्र बोकाच्चो याच्या उपस्थितीचा लाभ झाला आहे, तेव्हा ती जगतील, अशी आशा त्याने नोंदविली आहे. मोठमोठ्या पत्रांतील स्तुतीपेक्षा ही माळीकामाची नोंद अधिक खरी वाटते.

या भेटीत त्यांच्यामध्ये आणखी एक नाजूक विषय निघाला असला पाहिजे. तो विषय म्हणजे दान्ते. आपल्याकडे पूर्वी संस्कृताला जो मान असे, तोच त्या काळी तिकडे लॅटिनला होता. विद्वानाने लिहावे ते लॅटिनमध्ये. लोकांची बोली बाजारासाठी. दान्ते कवीने मात्र आपले महाकाव्य लोकांच्या बोलीत रचले होते आणि बोकाच्चोचा जीव त्या काव्यावर होता. पेत्रार्कच्या ग्रंथसंग्रहात शेकडो पुस्तके होती, पण दान्तेचे काव्य नव्हते! बोकाच्चोला हे सहन होईना. त्याने त्या काव्याची एक सुंदर हस्तलिखित प्रत मित्राला भेट पाठविली आणि सोबत एक लॅटिन कविता जोडून आपल्या या थोर देशबांधवाला जवळ करावे, अशी विनंती केली.

पेत्रार्कचे उत्तर १३५९ सालचे आहे. आपण दान्तेचा हेवा करतो, असे लोक म्हणतात, ते खोटे आहे, असे त्यात तो परोपरीने सांगतो. आपला बाप आणि दान्ते एकाच वर्षी एकाच नगरातून हद्दपार झाले होते. लहानपणी आपण दान्तेला एकदा पाहिलेही होते, अशी आठवणही तो देतो. सारे पत्र दान्तेविषयी आहे, आणि गंमत अशी, की त्यात दान्तेचे नाव एकदाही येत नाही. त्या नावाला जागा देणे पेत्रार्कला जड गेले असावे. बोकाच्चोने याचा राग मानला नाही आणि दान्तेलाही सोडले नाही. एका मित्रासाठी दुसरे दैवत टाकून द्यावे, असे त्याला कधी वाटलेच नाही.

पेत्रार्ककडे आणखी एक पुस्तक होते, ते ग्रीक भाषेतील होमरचे. पूर्वेकडील एका वकिलाने त्याला ते भेट दिले होते. पण पेत्रार्कला ग्रीक येत नव्हते. पश्चिम युरोपात त्या वेळी ग्रीक जाणणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकीच होती. होमर आपल्यापाशी मुका आहे, किंवा आपणच त्याच्यापुढे बहिरे आहोत, असे पेत्रार्क म्हणे आणि ते पुस्तक छातीशी धरून सुस्कारा टाकी.

हा मुका होमर बोलता करण्याचे काम बोकाच्चोने अंगावर घेतले. दक्षिण इटलीतून आलेला लिओन्तियो पिलातो नावाचा एक ग्रीक जाणणारा माणूस त्याला १३६० मध्ये मिळाला. बोकाच्चोने फ्लॉरेन्सच्या विद्यापीठात खटपट करून त्याला ग्रीकचा अध्यापक नेमविले आणि आपल्याच घरी ठेवून घेतले. हा पिलातो विद्वान खरा, पण सांभाळावयास महाकठीण. चेहरा उग्र, दाढी लांब, केस काळे आणि विस्कटलेले, वागणे रानटी. सदा कसल्या तरी विचारात बुडालेला. बोकाच्चोने त्याचे सर्व काही दोन-अडीच वर्षे सोसले. ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ या दोन्ही महाकाव्यांचे लॅटिन गद्यात शब्दशः भाषांतर त्याच्याकडून करून घेतले, स्वतः त्याच्याजवळ होमर शिकला आणि त्या भाषांतराची प्रत पेत्रार्ककडे रवाना केली. पिलातो पुढे पूर्वेकडे गेला आणि तेथून परत येताना भर समुद्रात वादळात सापडला. तो जहाजाच्या डोलकाठीला धरून उभा असता तिच्यावर वीज पडली आणि तो तेथेच मेला. ही बातमी पेत्रार्कनेच बोकाच्चोला कळविली. त्या अभाग्याच्या सामानात काही ग्रीक पुस्तके असतील काय, याची चौकशी करीत असल्याचेही त्याने लिहिले आहे! पुस्तकांचे वेड हे असे असते.

१३६२ साली बोकाच्चोवर एक विचित्र संकट आले. एक मठवासी संन्यासी त्याच्या दारी येऊन उभा राहिला. नुकत्याच दिवंगत झालेल्या एका साधूचा निरोप घेऊन आपण आलो आहोत, असे तो म्हणाला. निरोप असा होता, की बोकाच्चोचे आयुष्य आता थोडेच उरले आहे, आणि आत्म्याचे कल्याण व्हावयाचे असेल तर त्याने काव्य आणि ग्रंथ यांचा नाद सोडला पाहिजे. आपल्या बोलण्यावर विश्वास बसावा म्हणून त्याने बोकाच्चोच्या अंतःकरणातील एक गुपितही सांगितले. बोकाच्चो एकोणपन्नास वर्षांचा होता. तो मुळापासून हादरला. लेखन थांबवावे, सारी पुस्तके विकून टाकावीत, असे त्याने ठरविले. आणि ती घेणार का, असे पेत्रार्कला विचारून पाठविले.

पेत्रार्कचे उत्तर २८ मे १३६२ चे आहे. साऱ्या पत्रव्यवहारात याहून मोलाचे पत्र नाही. मित्राच्या भीतीची त्याने थट्टा केली नाही. तो सांगतो, की मृत्यू जवळ आला आहे यात नवे ते काय? ते सांगण्यास संन्याशाची गरज नाही. प्रत्येक माणूस ते जाणतो. विद्येने कोणी वाईट होत नाही. अडाणीपणातूनही स्वर्गाला वाट जात असेल, पण ती आळशाची वाट. ज्याने आयुष्यभर विद्येची सोबत केली, त्याने म्हातारपणी तिला हाकलून दिले, तर त्याच्या मनाला दुसरा आधार कोणता? इतके सांगूनही पुस्तके विकावयाचीच असतील, तर ती आपणच घेऊ, परक्याच्या हाती पडू देणार नाही. पण त्याहून चांगले हे, की बोकाच्चोने आपल्याकडेच राहावयास यावे, दोघांची पुस्तके एकत्र नांदावीत आणि दोघांच्या मागेही ती विखरू नयेत.

बोकाच्चोची पुस्तके वाचली. लेखणीही वाचली. ज्या मुलाने एके काळी आगीपुढे आक्रोश केला होता, तो ते विसरला नव्हता. बोकाच्चो १३६३ मध्ये व्हेनिसला जाऊन पेत्रार्ककडे सुमारे तीन महिने राहिला. पण कायमचे राहण्याचे आमंत्रण मात्र त्याने स्वीकारले नाही. गरिबी असली तरी आपले घर ते आपले घर, असा त्याचा बाणा होता.

तथापि काही कविता जळाल्याच. पेत्रार्कची इटालियन काव्ये वाचल्यावर आपली काव्ये कवडीमोलाची आहेत, असे बोकाच्चोला वाटले आणि त्याने तारुण्यातील पुष्कळ रचना आगीत टाकल्या. हे पेत्रार्कला दुसऱ्याकडून कळले. त्याने १३६४ मध्ये चांगलेच खडसावून पत्र लिहिले. हा विनय नव्हे, हा गर्व आहे, असे तो म्हणाला. पहिला क्रमांक मिळत नाही म्हणून दुसरा किंवा तिसरा नाकारणे, ही काही नम्रता नाही. आपण वाटेत आडवे येत असू, तर आपण खुशीने बाजूला होतो. बोकाच्चोने पुढे जावे. रागावता रागावता इतके मोठे दान सहज देऊन टाकणारे पत्र विरळाच.

१३६७ साली बोकाच्चो पुन्हा व्हेनिसला गेला. पण पेत्रार्क तेव्हा दूर पाव्हिया येथे होता. घरी त्याची कन्या फ्रान्चेस्का होती. तिने पित्याच्या मित्राचे मोठ्या आदराने स्वागत केले आणि घरीच उतरण्याचा आग्रह केला. तिचा पती गावी नव्हता, म्हणून बोकाच्चोने दुसरीकडे मुक्काम केला. आपले केस पांढरे झाले आहेत, शरीर स्थूल आहे, तरीही लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार, अशी गमतीची कबुली त्याने पत्रात दिली आहे.

दोघे बागेत बोलत बसले असता एक चिमुकली मुलगी सावकाश चालत आली आणि पाहुण्याकडे पाहून हसली. ती पेत्रार्कची नात, एलेत्ता. बोकाच्चोने तिला चटकन उचलून घेतले आणि क्षणभर त्याला वाटले, की ही आपलीच मुलगी! त्याची व्हिओलान्ते लहानपणीच वारली होती. साडेपाच वर्षांची असताना त्याने तिला शेवटचे पाहिले होते. तेच हसणे, तोच डोळ्यांतील आनंद, तीच चालण्याची ढब. केसांत काय तो फरक; एलेत्ताचे सोनेरी, तर व्हिओलान्तेचे काळसर तांबूस. मुलीचे बोबडे बोल ऐकता ऐकता त्याचे डोळे भरून आले आणि कोणाला दिसू नये म्हणून त्याने तोंड फिरविले. हे सारे त्याने पेत्रार्कला लिहून कळविले. आपल्या मनातील इतकी जुनी जखम माणूस सहसा कोणाला दाखवीत नाही.

त्याच पत्रात त्याने पेत्रार्कच्या जावयाचीही तक्रार केली आहे. जावई घरी परत आला होता. बोकाच्चोची परिस्थिती त्याला ठाऊक होती. निरोपाच्या वेळी त्याने बोकाच्चोला एकीकडे नेले, आपल्या राक्षसासारख्या बळकट हातांनी त्याचा दुबळा दंड धरला आणि पैसे त्याच्या हाती बळेच कोंबून तो झटकन निघून गेला. पाहुणा लाजून तेथेच उभा राहिला.

वर्षे गेली. दोघेही थकले. पेत्रार्क आता पादुआजवळच्या आर्क्वा नावाच्या खेड्यात, टेकडीवरच्या एका लहान घरात राहत होता. तब्येत वारंवार बिघडे. आता श्रम पुरे करावेत, अशी विनवणी बोकाच्चोने पत्राने केली. १३७३ च्या उत्तरात पेत्रार्कने कळविले, की ते होणे नाही; मृत्यू यावयाचाच असेल, तर त्याने आपल्याला वाचताना किंवा लिहिताना गाठावे.

याच सुमारास पेत्रार्कच्या हाती बोकाच्चोचा ‘देकामेरोन’ आला. ग्रंथ पुरा होऊन तोवर कितीतरी वर्षे उलटून गेली होती. १३४८ च्या प्लेगपासून दूर पळालेली दहा तरुण माणसे एकमेकांना शंभर कथा सांगतात, असा तो ग्रंथ. आणि तो लोकांच्या बोलीतला. पेत्रार्कने प्रामाणिकपणे लिहिले, की आपण तो नीट वाचला नाही, नुसता चाळला. पण शेवटच्या कथेपाशी तो थांबला. ती ग्रिसेल्दा नावाच्या गरीब शेतकरी मुलीची कथा होती. तिचा सरदार नवरा तिची क्रूर परीक्षा पाहतो आणि ती सारे सोशीत राहते. पेत्रार्कला ही कथा इतकी आवडली, की त्याने ती पाठ केली आणि मित्रांना तो ती सांगू लागला. मग एके दिवशी इतर कामे बाजूला सारून त्याने ती लॅटिनमध्ये उतरविली. पादुआचा एक विद्वान ती मोठ्याने वाचू लागला, तेव्हा त्याचा कंठ दाटून आला आणि त्याला पुढे वाचवेना.

ज्याने आयुष्यभर बोलीभाषेला दुय्यम मानले, त्याने आयुष्याच्या अखेरीस मित्राची बोलीतील कथा हाती घेऊन तिला लॅटिनचे सिंहासन दिले. बोकाच्चोला याहून मोठी भेट कोणती हवी होती? पण दैव असे, की ज्या पत्रासोबत ही कथा निघाली, ते पत्र त्याच्या हाती वेळेवर पोहोचलेच नाही.

१८ जुलै १३७४ च्या रात्री आर्क्वा येथे पेत्रार्कचे निधन झाले. दुसरा दिवस उजाडला असता तर त्याला सत्तरावे वर्ष पुरे होण्यास एकच दिवस उरला असता. पुस्तकावर मान टाकलेल्या स्थितीत तो सापडला, असे परंपरा सांगते.

बोकाच्चो त्या वेळी स्वतःच आजारी होता. आदल्या ऑक्टोबरात फ्लॉरेन्सच्या नागरिकांपुढे दान्तेच्या काव्यावर व्याख्याने देण्याचे काम त्याने सुरू केले होते. त्याच्या आवडीचे ते काम; पण काही महिन्यांतच दुखण्याने त्याला ते सोडावे लागले आणि तो चेर्ताल्दोला येऊन पडला. तेथे त्याला पेत्रार्कच्या जावयाचे पत्र मिळाले. त्याने ३ नोव्हेंबरला उत्तर लिहिले. हात कापत होता, मध्ये मध्ये थांबावे लागत होते. एवढे पत्र पुरे करावयास त्याला जवळजवळ तीन दिवस लागले. बातमी ऐकून आपण रात्रभर रडलो, पण ते त्या थोर माणसासाठी नव्हे, तर मागे उरलेल्या स्वतःसाठी, असे तो लिहितो. फ्लॉरेन्सला आपला पुत्र जिवंतपणी सांभाळता आला नाही, त्याच्या अस्थी ठेवण्याचाही मान मिळाला नाही. तो मान एका अनोळखी खेड्याला मिळाला, याची त्याला खंत वाटते. दूर देशांहून परतणारे खलाशी समुद्रावरून त्या टेकड्या पाहतील आणि तेथे झोपलेल्या कवीची आठवण काढतील, असे चित्र तो रेखाटतो. मृत्युपत्रातील देणगीचाही तो उल्लेख करतो. जिवंतपणी जसे प्रेम केले, तसेच मरतानाही केले, एवढेच त्याचे त्यावर म्हणणे.

आणि एक मागणे तो करतो. पेत्रार्कने आपल्याला लिहिलेले ते लांब पत्र आणि त्याने लॅटिनमध्ये उतरविलेली आपली शेवटची कथा, यांची प्रत करवून पाठवावी. मिळाले नाही ते पत्र त्याला वाचावयाचे होते.

पुढच्या वर्षी, २१ डिसेंबर १३७५ या दिवशी, ऐन हिवाळ्यात चेर्ताल्दो येथे बोकाच्चो वारला. त्याच्या कागदांत एक सुनीत आहे. दान्ते आणि इतर कवी जेथे गेले, तेथे आता पेत्रार्क पोहोचला आहे, असे मानून ते लिहिलेले आहे. आणि मलाही तेथे ओढून घ्या, अशी विनंती त्यात त्याने मित्राला केली आहे.